कांद्याचा बांध

जुळे सोलापूर,
बुधवार, दुपार

प्रिय उत्कर्षा,

तुला आठवतं का गं, मीठ टाकायचं काम तुझं होतं. मी गॅलरीत पाटावर, समोर वातीचा स्टो, स्टोवर ते दोन कानांचं बिडाचं पसरट भांडं, आणि तू उंबऱ्याच्या आत, हातात स्वयंपाकघरातला मिठाचा चमचा. चमचा भांड्याला लागता कामा नये आणि माझ्या हातालाही लागता कामा नये, अशी आजीची ताकीद होती. म्हणून तू तो डोक्याच्या वर नेऊन उलटा करायचीस. निम्मं मीठ भांड्यात, निम्मं माझ्या पदरावर, आणि चार कण ज्योतीत पडून ज्योत पिवळी झाली की तू खूश. आतून पोथी थांबायची आणि आजी विचारायच्या, सांडलं का गं? तू म्हणायचीस, नाही. दर बुधवारी तेच सांडणं आणि तेच नाही.

आठवायचं कारण तुझा परवाचा मेसेज. बाबांच्या बुधवारच्या भाजीची कृती प्रमाणासकट पाठव, ऑफिसातून आल्यावर एका भांड्यात पटकन होईल असं काहीतरी हवंय, आणि नव्या सोसायटीत मासे चालत नाहीत तर त्याऐवजी पनीर घातलं तर चालेल ना? खाली हसरा चेहरा. तो मेसेज मी बऱ्याचदा वाचला आणि दर वेळी माझी चिडचिड झाली. तुझ्यावर नव्हे, असं लिहिणार होते, पण थोडी तुझ्यावरही. उत्तर टाइप करायला बसले तर फोन माझ्या प्रत्येक शब्दाचं भलतंच काहीतरी करून दाखवायला लागला. शेवटी कपाटातून कागद काढले. फोनवर बोलायचं म्हटलं तर मला तुला नाही म्हणता येत नाही. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून हो, हो, बरं, असंच निघतं. कागदावर तुझा आवाज येत नाही, तेवढं बरं आहे.

तर प्रमाण. मिठाचं प्रमाण तुझ्या तेव्हाच्या उंचीवर होतं, ते आता मी कुठून देऊ? बाकीचं सांगते. मासा चिलापी किंवा रोहू, जो ताजा असेल तो. तुकड्यांना हळद, मीठ, थोडं तिखट लावून बाजूला ठेवायचे. भांड्यात तेल, तेलात ठेचलेला लसूण. मग बटाट्याच्या जाड चकत्या, शेवग्याच्या शेंगा, एखादं वांगं, हे सगळं भांड्याच्या डाव्या अर्ध्यात. मधोमध कांद्याच्या जाड चकत्यांची उभी ओळ, एकीला एक टेकवून, अजिबात फट न ठेवता. उजव्या अर्ध्यात मासे. वरून टोमॅटो, चार आमसुलं, आणि आपली शेंगदाण्याची चटणी सढळ हाताने. काठाने पाणी सोडायचं आणि झाकण ठेवायचं. हलवायचं नाही. चमचा घालायचा नाही. फार वाटलं तर फडक्याने दोन्ही कान धरून भांडं जरासं हिसडायचं. बटाटा शिजला की झालं. बरोबर कडक भाकरी, रसात चुरून. तुझ्या त्या आठ वाजता घरी पोचणाऱ्या दिवसांना यापेक्षा सोपं काही नाही, हे खरंच आहे. मी स्वतः शाळेतून येऊन, वह्यांचा गठ्ठा खुर्चीवर टाकून, हेच करत आले.

पण तू जिला कृती समजतेस ती कुणी ठरवून केलेली नाही. कांदा मधोमध का, ढवळायचं का नाही, पोळी का नाही, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आता तू पनीर घालायला निघालीस म्हणून सांगायची वेळ आली.

माझे वडील रेल्वेत होते आणि मूळचे मालवणकडचे, हे तुला माहीत आहे. सोलापुरात समुद्राचा मासा कुठून यायचा? पण रेल्वे क्वार्टरमध्ये गोड्या पाण्याचा तरी मासा शिजायचाच, आणि माझी आई दर वेळी नाक मुरडून, हा काय मासा, असं म्हणत मिटक्या मारत खायची. मी कॉन्व्हेंटमध्ये, तिथे सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला गृहशास्त्र शिकवायच्या. एका ट्रेमध्ये खाली बटाटे, वर मासा, बाजूला गाजर, सगळं एकदम भट्टीत. सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, तुम्ही सगळ्या नोकऱ्या करणार आहात, म्हणून हे शिका. आम्ही हसायचो. आणि मग लग्न झालं तुझ्या बाबांशी. देवळातल्या पूजेची पाळी ज्यांच्या घराण्यात चालत आली, त्या घरात. कुणी जबरदस्ती केली नाही. सगळं माहीत असून मी हो म्हटलं होतं. लग्नानंतर मी माशाचं नाव काढलं नाही, आणि कुणी काढू नको असंही म्हटलं नाही.

तू वर्षाची असताना आजी माझ्याबरोबर क्वार्टरवर आल्या होत्या, माझ्या आईला बघायला. आजी बाहेरच्या खोलीत फळ खात बसल्या आणि मी आत आईच्या हातचा मासा जेवले. दार उघडं होतं. मी कशी जेवले असेन ते मला आठवत नाही, पण त्यांनी पाहिलं. परत आलो ते रिक्षाने. आपण नुकतेच या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, तेव्हा इथे रस्तेही धड नव्हते, रिक्षा नुसती आदळत होती. मधेच त्या म्हणाल्या, "आमच्या घरात इतकं मन लावून जेवताना मी तुला पाहिली नाही. गॅलरीत करत जा. भांडं मात्र एकच."

एकच म्हणजे एकच. ते आत यायचं नाही, आतलं काही बाहेर जाऊन परत यायचं नाही. झारा नाही, परात नाही, पोळीचा तवा नाही. म्हणून मग बाहेरून आणलेली कडक भाकरी. वारही त्यांनीच ठरवला. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. आमच्या घरात बुधवारावर कुणी हक्क सांगितलेला नव्हता. एका भांड्यात मासे, भाजी, सगळंच करायचं म्हटल्यावर मला सिस्टर बेनेडिक्टांचा ट्रे आठवला. भट्टीच्या जागी वातीचा स्टो, गाजराच्या जागी शेवगा. माझ्या आईने त्यात शेंगदाण्याची चटणी बघितली तेव्हा तिने कपाळाला हात लावला होता.

बाबांचं असं झालं की मी एकटीच बाहेर जेवते हे त्यांना बघवेना. ते पेपर घेऊन गॅलरीत येऊन बसायला लागले. पहिले काही बुधवार नुसता पेपर. मग एकदा म्हणाले, बटाटा छान दिसतोय. मी म्हटलं, तो माशांबरोबर शिजलाय. ते म्हणाले, बरोबर नाही, शेजारी. पुढच्या बुधवारी त्यांनी स्वतः कांदा चिरला आणि मधोमध ती ओळ लावली. तुला तर ठाऊकच आहे, हिशेबनीस माणूस, कॉलेजच्या ऑफिसात पट्टीने रेघ मारून काम करणारा. म्हणाले, हा बांध. बांधाच्या अलीकडचं माझं रान, पलीकडचं तुझं. रस्सा बांधाखालून इकडून तिकडे जातोय हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. मी एकदा दाखवायला गेले तर म्हणाले, पाझर आहे, पाझराला कायदा लागू नाही. आतून आजींनी विचारलं, "कमलाकर, इतका वेळ बाहेर काय करतोयस?" आणि तोंडात बटाटा धरून हे म्हणाले, "हवा खातोय." तेव्हापासून आमच्यात बुधवारच्या जेवणाला हवा म्हणायचे. आज हवेला काय आणू, शेवगा की वांगं? तू लहान असताना तुला वाटायचं बाबा खरंच हवा खातात. मासा त्यांनी आयुष्यात खाल्ला नाही. एक घास नाही. पण बांधाच्या अलीकडचा बटाटा शेवटपर्यंत खाल्ला, आणि तू ज्याला बाबांची भाजी म्हणतेस ती हीच. पलीकडे मासा नसेल तर त्या बटाट्यात काय उरतं गं? पनीर आपलं जिथे ठेवू तिथे पडून राहील, त्यातून बटाट्याकडे काय जाणार?

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. ते पत्रावळीवर खायचे, कारण घरातलं ताट बाहेर आणता येत नव्हतं. असं बरेच महिने चाललं. एका बुधवारी मी शाळेतून आले तर गॅलरीत भांड्याशेजारी बाबांचं ताट. त्यांच्या मुंजीतलं, काठावर नाव कोरलेलं, ज्यात आजींनी त्यांना रोज वाढलं होतं ते. मी घाबरले, वाटलं तू खेळता खेळता नेऊन ठेवलंस. आत जाऊन म्हटलं, आई, ताट चुकून बाहेर गेलंय. त्या वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चुकून नाही. आता ते तिकडचंच." त्या संध्याकाळी बाबांनी ते ताट हातात धरून कितीतरी वेळ नुसतं पुसलं. आईला सगळं कळलंय आणि तिने आपलं ताट कायमचं बाहेर दिलंय, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यानंतरही आजींनी आतून विचारलं की हे हवाच खायचे. दोघांनीही ते तसंच चालू ठेवलं.

आजी गेल्यावर भांडं आत आणायला कुणाची ना नव्हती. बाबांनीच विचारलं, आणू का आत, तुझे गुडघे दुखतात. मी नको म्हटलं. पाटाच्या जागी खुर्ची आली, वातीच्या स्टोच्या जागी छोटी गॅसची शेगडी आली, पण भांडं बाहेरच राहिलं. आता ते सोवळ्यासाठी नव्हतं. आमचं दोघांचं एक ठिकाण होतं ते, आणि तिथे घरातली कुठलीच कामं शिरत नव्हती.

आता तुझं सांगते. मी कायमचं तिकडे राहायला यावं म्हणून तू आणि हृषीकेशरावांनी केवढ्या मनाने माझ्यासाठी खोली केलीत. पूर्वेची खिडकी, बेसिनपाशी धरायला दांडी, पलंग माझ्या उंचीचा. फोटो पाहून मला भरून आलं, हे अगदी खरं. हृषीकेशराव फोनवर म्हणाले, आई, इथे तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. ते बोलतात तेव्हा इतक्या अदबीने की मला रागावायलाही जागा सापडत नाही. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यात भुणभुणतंय. स्वयंपाकाला बाई, भाजी दारात, औषधं डब्यात वारांप्रमाणे. डब्यात बुधवारचाही एक कप्पा असेल, त्यात दोन गोळ्या. मी काहीच करायचं नाही म्हणजे मी नेमकं काय करायचं? तू परवा आवरायच्या सामानाच्या सूचना पाठवल्यास. त्यात जड भांडी इथेच सोडून दे, काचेच्या शेगडीवर ओरखडे पडतात, असं आहे. चूक काहीच नाही त्यात, म्हणून तर मी जास्त वैतागले. तुमच्या एकाही गोष्टीत चूक नाही. चूक असती तर भांडले असते.

खरं म्हणजे बाबा गेल्यापासून हे भांडंही मला छळतंय. पहिल्यांदा बांध न घालता केलं. एकटीला कशाला बांध? सगळं एकात एक गेलं, चव काही वाईट नव्हती, पण मी अर्ध्यावरच उठले. पुढच्या वेळी बांध घातला आणि डावीकडे काहीच ठेवलं नाही. त्या रिकाम्या बाजूचं तेल नुसतं करपत राहिलं. आता पूर्वीसारखंच दोन्हीकडे भरते. माझं मी खाते, त्यांचं दुसऱ्या दिवशी डब्यातून खाते, आणि स्वतःवरच चिडते, की बाई, तू एकटी आहेस, एवढा बटाटा कशाला चिरतेस? तरी पुढच्या बुधवारी हात तेवढाच बटाटा चिरतो. केराबाईला हे कसं कळलं देव जाणे. तीच ती, उजनीकाठच्या गावाहून येऊन आपल्या कोपऱ्यावर टोपली मांडणारी, तुला पूर्वी फुकट कोळंबी द्यायची ती. मागे एकदा मी एकच मासा मागितला तर म्हणाली, "एक कशाला वो बाई, दोन न्या की. सायेब नसले तर काय, तुमी तर हाय की." मी दोन आणले, आणि जिना चढून घरात येईपर्यंत तिच्यावर मनातल्या मनात रागावत होते.

मग गेल्या बुधवारी संगप्पा आला. तू आणि मी मिळून ज्याला फ्लॅट विकायचं काम दिलं तो एजंट. मी त्याला गुरुवारी ये म्हटलं होतं, तो आदल्या दिवशीच गिऱ्हाईक घेऊन हजर. चांगली माणसं होती, नवरा-बायको आणि तिची सासू. गॅलरीत भांडं रटरटत होतं. सून पदर नाकाला लावून मागे सरली. संगप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, मॅडम, गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर हे कशाला वो? मी माझ्या घरात त्याला सॉरी म्हणाले, उत्कर्षा. शाळेतली सवय, चटकन इंग्रजीत सॉरी. मग तो नवरा गॅलरी पावलांनी मोजू लागला. म्हणाला, ही काचा लावून बंद करून टाकली की वॉशिंग मशीन इथे बसेल, एवढी जागा नुसती वाया गेलीय. सासूबाई मात्र उंबऱ्यावरच थांबल्या होत्या. त्या झाकणाकडे बघत होत्या. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, शेवगा घातलाय का? मी म्हटलं, डावीकडे. त्या हसल्या आणि सुनेच्या मागून गेल्या.

ते गेल्यावर मी ताट घेतलं आणि खुर्चीवर बसले. माझं नाही, बाबांचं ताट. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यात वाढून घेतलं, दोन्हीकडचं. मासा आणि बटाटा एकाच ताटात. खाताना वाटलं, वाया गेलेली जागा. आजींनी बाबांचं ताट जिथे दिलं, बाबा जिथे एवढी वर्षं हवा खात बसले, मी जिथे शाळा, वह्या, सून, बायको हे सगळं उंबऱ्याच्या आत ठेवून बसू शकले, ती जागा मी फोनवर हो, हो, बरं म्हणत देऊन टाकत होते. तेही तू मागितली म्हणून नाही, मला नाही म्हणता येत नाही म्हणून.

म्हणून हे पत्र. कृती हे निमित्त झालं. उत्कर्षा, मी येत नाही. राहायला येत नाही. संगप्पाकडून किल्ली मी काल परत घेतली. त्याची धावपळ झाली म्हणून त्याला चटणीचा डबा दिला, तो त्याने तोंड वाकडं करून घेतला. त्याच्या बाजूने त्याचंही बरोबर आहे. तू रागावशील, रडशील, मग हृषीकेशरावांना फोन करायला लावशील. त्यांना सांग, त्यांचा एकही शब्द मला लागलेला नाही. गुडघ्यांचं मला कळतं. खालच्या मजल्यावरच्या पूनमकडे मी घराची दुसरी किल्ली दिली आहे आणि रोज सकाळी तिच्याशी बोलायचं ठरलंय. पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत मी दिवाळीला येईन, उन्हाळ्यात येईन, तिथे तुझ्या हातचं पनीरही खाईन आणि नाव ठेवणार नाही.

तू आवरायला सांगितलं होतंस, ते मात्र मी मनावर घेतलं. एकटीला एवढं लागत नाही. देवाची तांब्याची भांडी, आजोबांचं सोवळं आणि समई तुझ्या चुलतभावाला, अद्वैतला. पाळी आता तो सांभाळतो, त्याचाच त्यावर हक्क. आजींचं पुरणयंत्र, खलबत्ता आणि माझी हिरवी पैठणी तुला, पुढच्या वेळी गाडीतून घेऊन जा. बाबांचं घड्याळ हृषीकेशरावांना, पट्टा नवा घालावा लागेल. बाबांची मोठी काळी छत्री केराबाईला आजच देतेय, ती भर उन्हात बसते. सिस्टर बेनेडिक्टांनी दिलेली माझी शिवणाची पेटी पूनमच्या मुलीला. बिडाचं भांडं कुणालाच नाही, त्यात मला आत्ता तासाभरात चिलापी चढवायची आहे. आणि बाबांचं ताट गॅलरीत आहे, ते आत येणार नाही. ज्या बुधवारी तू येशील, त्या बुधवारी ते तुझं. येताना ऑफिसातून थेट ये, मी बांध घालून ठेवते. मीठ मात्र तूच टाकायचं, उंबऱ्याच्या आत उभं राहून.

तुझीच,
आई